यंदा म्युनिकला बर्फ नको

हिंगणा रोड, नागपूर
१६ नोव्हेंबर

प्रिय मोनाली,

जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुंग… तुंग… तुंगतुंगतुंग. आज पहाटे या आवाजानं जागा झालो. कुकरची शिट्टी मला आता ऐकू येत नाही, तुझ्या सासूची, कौसल्येची, हाक येत नाही, पण हा सत्तर वर्षांपूर्वीचा आवाज कसा स्वच्छ येतो बघ. दिवाळी सरली की आमच्या गावात पिंजारी यायचा. खांद्यावर ते मोठं धनुष्य, हातात लाकडी ठोकळा. जुन्या रजईचा दगड झालेला कापूस अंगणात ओतायचा आणि तार छेडायचा. कापूस उडायचा, आम्ही पोरं तोंडं वर करून त्यात उभी. शाळेत भैय्याजी गुरुजींनी हिमालयाची कविता लावली होती. मी विचारलं, गुरुजी, बर्फ म्हणजे काय? त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं, पिंजाऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे असं. फक्त गार." मी कितीतरी वर्षं तेवढ्यावर भागवलं.

बर्फ आठवला त्याला कारण रितिका. परवा फोनवर ती आजीला म्हणाली, यंदा ख्रिसमसच्या आधीच बर्फ पडू दे असं आजोबांनाही म्हणायला सांग. आठ वर्षांच्या नातीनं मागितलं तर आजोबानं चंद्रसुद्धा मागावा. पण पोरी, यंदा मी तिच्यासाठी बर्फ मागू शकत नाही. का, ते तुला एकटीला सांगतो. अश्विनला कळू द्यायचं नाही.

कौसल्येच्या हृदयाची एक झडप बिघडली आहे. चार पावलं चालली की धाप लागते. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन हे वर्ष संपायच्या आत करा, पुढे ढकलू नका. बाई ऐकायला तयार नाही. म्हणते, "तुम्हाले ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणन हिचा पाय कापू का, तर तुम्ही हसून हो हो म्हणसान. घरचं माणूस पाहिजे जवळ. अश्विन आल्याशिवाय मी टेबलावर झोपत नाही." शेजारच्या शोभाताई थांबायला तयार आहेत. तर म्हणे, परक्याच्या हाती जीव देऊ काय? आणि वर ही ताकीद, की पोराला आजाराचं सांगायचं नाही. "धाकानं आला तर ते येणं कायचं? सुट्टीले येऊन राहिला, तसाच हसत येऊ द्या."

अश्विन ऑक्टोबरात म्हणाला होता की ख्रिसमसच्या सुट्टीत तुम्ही तिघं बावीस तारखेला पोचता. त्यावर भरवसा ठेवून मी डॉक्टरांकडून सव्वीस डिसेंबर घेतला. बातम्यांत पाहिलं, बर्फ पडला की तुमचा विमानतळ बंद पडतो. म्हणून फोनवर नागपूरच्या खाली म्युनिकचं हवामान लावून घेतलं आहे. रोज उठून आधी तुमचं आभाळ बघतो, मग आमचं.

रितिकानं शिकवलं तसा या कागदाचा फोटो फक्त तुझ्या फोनवर पाठवतो. तूही कागदावरच लिही. फोनवर मला नुसते तुमचे ओठ हलताना दिसतात.

तुझा,
बाबा

म्युनिक
२४ नोव्हेंबर

आदरणीय बाबा,

जयभीम.

तुमचं पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. आईंना इतका त्रास होतो आणि फोनवर त्या मला तिळाच्या चटणीत लसूण किती घालायचा ते सांगत असतात!

तुम्ही म्हणता तर अश्विनला सांगत नाही. पण बाबा, ऑपरेशन आधी नाही का होणार? आमच्यासाठी थांबू नका. मी डॉक्टरांशी इथून फोनवर बोलेन, सगळं समजून घेईन, तुम्हाला लिहून कळवेन. आईंना एकदा विचारून बघा.

तिकिटं अजून काढलेली नाहीत. अश्विनच्या कामाचं जरा ठरायचं आहे. ठरलं की कळवते.

इथे अकरा अंश आहे आणि गवत हिरवंगार. रितिका रोज शाळेतून आल्यावर खिडकीला नाक लावून उभी राहते. तिच्या वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं की उशीखाली चमचा ठेवून झोपलं की बर्फ पडतो. आमच्या घरातले चमचे कमी झाले आहेत.

आणि गंमत सांगू? अश्विनही तुमच्यासारखाच झाला आहे. सकाळी डोळे उघडले की आधी फोनवर हवामान बघतो. चहासुद्धा नंतर.

आईंना जपा. भाकरी त्यांना थापू देऊ नका.

तुमची,
मोनाली

नागपूर
३ डिसेंबर

प्रिय मोनाली,

अश्विन सकाळी उठून हवामान बघतो, हे वाक्य मी कौसल्येला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं गाद्या उन्हात घालायला काढल्या. मी रागावलो तर म्हणे, "मी कुठी उचलून राहिली? नुसती बोट दाखवून राहिली." उचलणारा मीच होतो, अर्थात.

बघ, बापलेक हजारो मैलांवर बसून एकाच आभाळाला विनवतो आहोत. आमच्यात देव नाही, तेव्हा वाऱ्यालाच सांगावं लागतं. भैय्याजी गुरुजी टेबलावर पट्टी आपटून भुजंगप्रयात शिकवायचे. त्याच तालावर काल अंगणात ऊन खाता खाता दोन ओळी जुळल्या:

नको बर्फ, वाऱ्या, नको अंधकार,
खुले ठेव आभाळ, लेकास दार.

कौसल्येला म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, "वाऱ्याले काम नाही काय तुमच्या कविता ऐकाचं?" खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत होतो तेव्हाही हेच म्हणायची. मी पाळीवरून घरी येऊन कविता म्हणायचो आणि ही म्हणायची, आधी डब्बा धुवा. अश्विन मात्र मांडीवर बसून ऐकायचा. त्याच्या शाळेतल्या कविता त्याच्याआधी मला पाठ असत.

ऑपरेशन आधी करण्याचं मी विचारलं. तिनं तोंडावर पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तेव्हा तो विषय संपला. डॉक्टर मात्र परवा कडक बोलले, म्हणजे शोभाताईंनी मला लिहून दाखवलं तसं: सव्वीस चुकवली तर पुढचं मी सांगू शकत नाही. काल न्हाणीतून येताना ती दाराला धरून बराच वेळ उभी होती. मी पाहिलं हे तिला कळू दिलं नाही.

इथे सकाळी नऊ अंश. नागपूरकर मफलरात गुंडाळून फिरताहेत. तुमच्याकडे पाच दाखवतो आणि ढग. पाच अंशात विमानाला काही होत नाही ना? मला वाटतं पाच अंशात माणूससुद्धा सुरू होऊ नये.

तिकिटाचं कळव, पोरी.

बाबा

म्युनिक
१० डिसेंबर

आदरणीय बाबा,

जयभीम. घाईत लिहिते आहे.

अश्विन म्हणतो, वीस तारखेनंतर इथे मोठा बर्फ येणार आहे. विमानतळ बंद पडण्याची शक्यता आहे. रितिकाला घेऊन मध्येच कुठे अडकलो तर कठीण होईल. म्हणून यंदा येणं रद्द करावं लागतं आहे. उन्हाळ्यात नक्की येऊ.

बाबा, आईंचं ऑपरेशन थांबवू नका. हात जोडते.

मोनाली

नागपूर
१३ डिसेंबर

मोनाली,

तुझं पत्र आलं तेव्हापासून मी दिवसातून कितीदा तो फोन उघडतो याचा हिशेब नाही. वीस तारीख: आठ अंश, ऊन. एकवीस: नऊ अंश, ऊन. बावीस: पाऊस, तोही थोडा. पाठ झालं आहे मला. कोणता बर्फ? कुठे आहे तो?

मी म्हातारा आहे, बहिरा आहे, पण वाचता येतं मला.

अश्विन लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. त्याला हे सुचणार नाही. तुला यायचं नव्हतं तर सरळ लिहायचं. नातीला बर्फ हवा, सुनेला तिथला सण हवा, इथे म्हातारीची झडप थांबली काय नि चालली काय. मी मूर्ख, तुला विश्वासात घेतलं. अश्विनला सांगितलं असतं तर तो चालत आला असता.

तुला तुझं माहेर उरलं नाही, म्हणून माणूस वाट कशी बघतं हेच तू विसरलीस.

कौसल्येला अजून सांगितलेलं नाही. ती रितिकासाठी स्वेटर उसवून पुन्हा विणते आहे, बाही मोठी करून.

नत्थू मेश्राम

म्युनिक
१५ डिसेंबर

बाबा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीच्यांत फार राग होता. यातही आहे, पण वाचता येईल इतका.

माहेर उरलं नाही हे तुम्ही मला सांगू नका. तुमच्या घरात आले म्हणून ते उरलं नाही. मी एकदाही त्याचा हिशेब तुमच्याकडे मागितला नाही, आजही मागत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती, ती सांगते. माझी आई गोपिका दीड महिना काटोलच्या दवाखान्यात होती. रोज दाराकडे बघायची, असं चुलतबहिणीनं मला नंतर सांगितलं. माझ्या बाबांनी मला कळवू दिलं नाही. "जातीबाहेर गेली ती मेली." मला कळलं ते तेरवी झाल्यावर. तेव्हा मी हिंगण्याला तुमच्याच घरी होते, तासाभराच्या अंतरावर. गाडीवर बसून गेले असते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात का रडले ते आईंनी विचारलं, मी म्हटलं, कांदा.

वाट बघणं मला शिकवू नका, बाबा.

बर्फ खोटा होता. मला माहीत होतं, आणि तुम्हाला कळेल हेही माहीत होतं. मी तुमचं गुपित त्याच्यापासून लपवत होते आणि त्याचं तुमच्यापासून. दोन्हीकडे तोंड शिवून मी किती दिवस राहायचं?

काल मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला. अश्विनला आईंच्या ऑपरेशनचं सांगितलं. तो जोडे घालून बाहेर गेला. आता तो स्वतः लिहील.

मोनाली

म्युनिक
१९ डिसेंबर

बाबा,

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. सरळ लिहितो.

माझी नोकरी ऑगस्टमध्येच गेली. आमचा अख्खा विभाग बंद केला. इथे राहण्याचा परवाना त्या नोकरीवर होता. नवीन अर्ज केला आहे, आम्हा तिघांचे कागद कचेरीत पडले आहेत. ते हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत येता येणार नाही. सध्या पार्सलच्या गोदामात जातो. खोकी उचलतो. काम प्रामाणिक आहे, पण तुम्हाला सांगवलं नाही. तुम्ही गल्लीभर "आमचा अश्विन साहेब झाला" म्हणून पेढे वाटलेले. ऑक्टोबरात येतो म्हणालो ते खोटं नव्हतं. वाटलं होतं तोपर्यंत काम लागेल. मग नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

मोनालीनं तुम्हाला लिहिलं होतं म्हणे की मी रोज सकाळी हवामान बघतो. खरं आहे. मी बर्फ मागत होतो, बाबा. रितिकापेक्षा जास्त. विमानतळ बंद पडला असता तर मला कोणाला काहीच सांगावं लागलं नसतं. तुम्ही हळहळला असता, आईनं आभाळाला शिव्या घातल्या असत्या आणि मी सुटलो असतो. दहा तारखेपर्यंत वाट पाहिली. मग न पडलेला बर्फ मोनालीला लिहायला लावला. तिनं नको म्हटलं होतं. तुम्ही तिला जे लिहिलंत ते मी वाचलं. ते सगळं माझ्या नावावर घ्या.

इथे आत्ता पाऊस पडतो आहे. अंगणात चिखल. रितिका चमचे परत ठेवून आली.

आईला सांगा, माझ्यासाठी थांबू नको. मी येऊ शकत नाही. तिला काही झालं तर मी त्या कागदांचं काय करू?

अश्विन

नागपूर
२५ डिसेंबर

प्रिय मोनाली, प्रिय अश्विन,

दोघांना एकच पत्र लिहितो. सकाळपासून बसलो आहे, हात चालत नाही.

आधी मोनाली. पोरी, मी तुला जे लिहिलं ते लिहिणाऱ्याचा हात कापून टाकावा असं होतं. ज्या दिवशी तू कांदा म्हणालीस तो दिवस मला आठवतो. मी त्या दिवशी तुला कविता ऐकवत होतो. तुझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. क्षमा माग म्हटलं तर कोणत्या तोंडानं मागू? मागतो.

आता अश्विन. तुझं पत्र मी कौसल्येला वाचून दाखवलं. मला माझाच आवाज कळत नाही, तेव्हा बहुधा अर्ध्या गल्लीनं ऐकलं. ऐकू दे. ऐकून झाल्यावर ती मला म्हणाली, तीनदा, तेव्हा कुठे मला कळलं: "नोकरी गेली तर गेली. खोकी उचलते तर पोटभर जेवते काय तो?" यापलीकडे तिनं एक शब्द विचारला नाही. खोकी उचलणाऱ्याची मला कसली लाज, बाळा? मी तीस वर्षं कोळशाच्या धुळीत कविता म्हटल्या. पेढे मी साहेबासाठी नव्हते वाटले. पेढे वाटायचं काही निमित्त हवं होतं, दोन म्हातारी माणसं राहतात या घरात.

मी बर्फ नको म्हणत होतो, तू दे म्हणत होतास. तुला मिळाला असता तर मला आजही काही कळलं नसतं. म्हणून मी वाऱ्यावर नाराज नाही.

पण नुसतं खरं कळून काम भागत नाही ना. उद्या सकाळी आठला दवाखान्यात हजर व्हायचं आहे आणि तुझी आई जागची हलायला तयार नाही. काल म्हणाली, "दवाखान्यात कळवून द्या, नाही येत म्हणून." मी कळवलं नाही. ती समजते आहे की कळवलं. शोभाताई पुन्हा येऊन गेल्या, बिचाऱ्या रडल्या. ही म्हणे, "शोभाताई, तुमचा राग नाही वं. पण आत नेताना आपलं कोणी दाराशी उभं नसलं तर मी बाहेर येऊन कोणाले शोधू?" रात्री धाप इतकी होती की ती बसूनच झोपली. मी समोर खुर्ची टाकून बसलो. तिच्या छातीत काय चाललं आहे ते ऐकायला कान लावून बघितला. काही ऐकू आलं नाही, हालचाल तेवढी लागली गालाला.

मला कविता सुचत नाही आता. तुम्हाला दोष द्यायलाही मन होत नाही. वाटतं, मीच एकदा तिला उचलून ऑटोत

इथे थांबलो होतो. कौसल्या भिंतीला धरून उठली आणि मला हातानं खुणावते आहे: दार, दार. खिडकीतून बघतो तर फाटकाशी एक म्हातारा उभा आहे. पांढरा पायजमा, डोक्याला मफलर, काखेत सतरंजीची वळकटी, हातात पाण्याची कॅन. दवाखान्यात पेशंटजवळ राहायला निघालेला माणूस दिसतो तसा. पत्ता चुकला असेल म्हणून उठणार होतो, पण मी यांना ओळखतो. तुमच्या नोंदणी लग्नाच्या दिवशी हे कचेरीच्या फाटकाबाहेर उन्हात उभे होते. आत आले नाहीत, गेलेही नाहीत.

मोनाली, तुझे वडील आहेत. रुपरावजी.

ते अंगणातल्या नळावर पाय धुताहेत, तेवढ्यात हे लिहून घेतो. बोलणं मला ऐकू आलं नाही. कौसल्या दारातून वळून एकेक वाक्य माझ्या कानाशी ओरडून सांगते आहे, आणि ओरडताना तिला धाप लागते आहे तरी थांबत नाही.

"म्हणतात, काल पोरीचा फोन आला. तिची माय गेल्यापासून पयल्यांदा."

"म्हणतात, पोरगी म्हणे, बाबा, आईच्या वेळेस मले कोणी सांगतलं नाही. मी तुम्हाले सासूचं सांगून राहिली."

"मी म्हटलं, भाऊ, तुम्ही उभ्या जन्मात आमच्या दारात नाही आले. तर म्हणतात…"

इथे ती थांबली. मी विचारलं, काय म्हणतात? काय म्हणतात गं? तिनं डोळे पुसले आणि माझ्या कानात न ओरडता सांगितलं, म्हणून मला ते पुन्हा विचारावं लागलं.

"म्हणतात, व्याहीबुवाले ऐकू येत नाही. मले येते. डॉक्टरचं मी ऐकीन."

ते पाय पुसून पायरीवर आले आहेत. चपला पायरीखाली नीट जोडून ठेवल्या. मी अजून खुर्चीतच आहे, मला उठायला हवं. कौसल्या विचारून राहिली आहे की तिची दवाखान्याची पिशवी मी कुठे ठेवली.